काचेची नळी आणि वीस मिनिटं

माझ्या काकूच्या डाव्या हाताचं मधलं बोट पूर्ण मिटत नाही. मोदकाची पारी तळहातावर धरली की बाकीची बोटं वाटी करतात आणि हे एकटं उभं राहतं. नव्या सुनेला वाटलं संधिवात असेल. काकूने तिला काही सांगितलं नाही, मीही नाही. पण गेले वर्षभर मी जे काही वाचतेय ते सगळं फिरून फिरून त्या बोटापाशी येतं, म्हणून एकदा लिहून काढते.

१९९६ चा मार्च. राजापूर तालुक्यातलं आमचं गाव, वर कातळाचा सडा आणि खाली वाडी. दहावीला एक वर्ष होतं म्हणून मी सुट्टी लागायची वाट बघत घरीच अभ्यासाचं सोंग करत होते. काकू भाजावळीचा पातेरा काढायला गेली होती. घाटावरच्या वाचकांसाठी सांगायचं तर पातेरा म्हणजे वाळका पालापाचोळा. कवळ, शेण आणि पातेरा असा थर देऊन भाताच्या रोपांची जागा पावसाआधी भाजून घेतात. काजूची पानं गडग्याच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाच्या, कडेला वाऱ्याने साठतात. तिथे दाताळं अडकतं, म्हणून काकूने हात घातला.

“आवाज आला होता,” ती नंतर म्हणायची. “मला वाटलं पानांचाच.”

फुरसं तसंच करतं. विषारी साप, पण हातभरसुद्धा लांब नसतं. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं, खवल्यांच्या कडा करवतीसारख्या असल्यामुळे फर्र असा आवाज होतो. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखा. वाळक्या काजूच्या पानांत तो आवाज ओळखायला वेगळे कान लागतात. ब्रिटिश अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे, इतकी ती होती. अजूनही आहेत, बक्षीस तेवढं गेलं.

बोटावर दोन बारीक टिंबं. कुणीतरी मनगटावर सुंभ आवळला. शेजारच्या वाडीतले एक जाणते आजोबा आले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांनी मुळी उगाळून लावली, आणि काकूला हिरवी मिरची चावायला दिली. गावाची ती चाचणी होती: मिरची तिखट लागली तर विष चढलेलं नाही. मिरची तिखट लागली. काकूने डोळ्यांतलं पाणी पुसलं, सगळे हसले, कुणीतरी चहा टाकला.

आता कळतं त्यात काय चूक होती. नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः मज्जातंतूंवर जातं, पापण्या जड होतात, जीभ लुळी पडते. फुरशाच्या विषाचं जिभेशी काही वैर नाही. फुरसं चावलेल्या माणसाला मिरची शेवटपर्यंत तिखटच लागणार. चाचणी कधीच नापास करणार नव्हती.

दोन तासांनी काकू थुंकली तर पदराला लाल लागलं. हिरड्यांतून रक्त येत होतं. काका मुंबईला. आई लहान भावाला सोडून निघू शकत नव्हती. आजूबाजूच्या एकाची रिक्षा मिळाली आणि काकूबरोबर मी बसले, चौदा वर्षांची, हातात पाण्याचा तांब्या.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. तिथे डॉक्टर जेवायला गेले होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्याबरोबर, एवढंच. पण तिथे ज्या सिस्टर होत्या त्या मला आजही दिसतात. त्यांनी आधी सुंभ हळूहळू सैल केला, एकदम नाही. मग काकूच्या उजव्या हातातून थोडं रक्त काढलं आणि एका नव्या काचेच्या नळीत सोडलं. नळी खिडकीच्या कट्ट्यावर स्टँडमध्ये ठेवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, “हात लावायचा नाही. वीस मिनिटं.”

मी वीस मिनिटं त्या नळीकडे बघत बसले. तुमच्या-माझ्या रक्ताला एवढा वेळ दिला तर ते काचेत थिजतं, नळी उलटी केली तरी गोळा जागचा हलत नाही. सिस्टरांनी नळी उचलली आणि कलती केली. रक्त भिंतीवरून सरळ खाली आलं. बाटलीतून कोकमाचं आगळ ओतावं तसं. तसंच गडद, तसंच पातळ. त्यांनी काही न बोलता नळी ठेवली आणि डॉक्टरांच्या घरी शिपाई पिटाळला.

पुढे मी पॅथॉलॉजीच्या शिक्षणाला गेले, पुण्यात वीसेक वर्षं प्रयोगशाळेत काम केलं. त्यामागे ही नळी आहे असं मी मुलाखतीत कधी सांगितलं नाही, पण आहे. आमच्याकडे आता गोठणकाल मोजणारं यंत्र आहे, सेकंदाच्या दशांशात आकडा छापतं. तरी तालुक्याच्या ठिकाणी सर्पदंशासाठी आजही हीच वीस मिनिटांची चाचणी आहे आणि तिच्या अटी विचित्र आहेत. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला लागतं. प्लास्टिकमध्ये चांगलं रक्तसुद्धा दगा देतं. आणि ती साबणाने धुतलेली नको. सगळीकडे प्लास्टिकच्या नळ्या आल्यापासून साधी कोरी काचेची नळी शोधावी लागते, हा आमच्या धंद्यातला एक विनोद.

“फुरशाने रक्त पातळ होतं” असं आपण म्हणतो. खरं तर उलटं होतं. या विषातली काही विकरं (एन्झाइम) रक्ताला गोठायला लावतात, नको तिथे, शरीरभर, बारीक बारीक. रक्त बांधून ठेवणारा फायब्रिनोजेन नावाचा माल त्यातच संपून जातो. मग खरोखर जखम बुजवायची वेळ येते तेव्हा कोठार रिकामं. लस विषाला धरते, पण संपलेला माल यकृताने नव्याने बनवायचा असतो, त्याला तास लागतात. म्हणून सहा-सहा तासांनी पुन्हा नळी.

काकूला लस मिळाली. लस म्हणजे एएसव्ही (अँटी-स्नेक व्हेनम), पांढरी भुकटी, पाण्यात विरघळवून सलाइनमधून. ती देताना काकूला अशी हुडहुडी भरली की लोखंडी खाट वाजायला लागली, अंगभर पित्त उठलं. घोड्याचं रक्त मानवलं नव्हतं. ही भुकटी घोड्याकडून येते: घोड्याला महिनोन्महिने थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढून ती वेगळी करायची. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आल्बेर काल्मेतने १८९० च्या दशकात नागाच्या विषावर असं औषध केलं. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत कित्येक दशकं हेच काम चाललं. तपशील खूप सुधारले, पण पाया तोच, सव्वाशे वर्षांचा. आणि घोड्याच्या त्या द्रवात आयुष्यात त्याला भेटलेल्या इतर कितीतरी जंतूंविरुद्धचीही प्रतिपिंडं असतात. विषाला धरणारी त्यातली थोडी. बाकीच्यांनी काकूची खाट वाजवली.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका सहकाऱ्याने बातमी पाठवली, खाली तीन उद्गारचिन्हं. सगळ्या सापांवर एक औषध! अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा टिम फ्रीडी, व्यवसायाने ट्रक मेकॅनिक. या गृहस्थाने जवळजवळ अठरा वर्षं स्वतःला सापाचं विष टोचून घेतलं, साडेआठशेहून जास्त वेळा. २००१ मध्ये दोन नाग पाठोपाठ चावले आणि तो चार दिवस बेशुद्ध होता. उठला, आणि पुन्हा टोचत राहिला. त्याच्या रक्तातून निघालेली दोन प्रतिपिंडं आणि व्हारेस्प्लाडिब नावाचं एक छोटं रसायन, अशा तिघांचं मिश्रण उंदरांवर वापरलं. ‘सेल’ या नियतकालिकात २०२५ मध्ये ते छापून आलं: १९ जातींच्या विषांपैकी १३ जातींपासून उंदीर पूर्ण वाचले, ६ पासून काही अंशी. घोड्याच्या जागी माणूस. मला त्या माणसाविषयी काय वाटायला हवं ते अजून ठरवता आलेलं नाही. कुणी असं करू नये, आणि केलंय तर ते रक्त वाया जाऊ नये, इतकंच.

निबंध उघडला आणि एकोणीस नावांच्या यादीत मी फुरसं शोधलं. नव्हतं. घोणसही नाही. ती सगळी नाग-मण्यार-माम्बा या कुळातली मंडळी.

त्याच वर्षी जानेवारीत ‘नेचर’मध्ये आणखी एक काम आलं होतं. सुझाना वाझ्केझ टोरेस, प्रथिनांच्या रचनेसाठी २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले डेव्हिड बेकर आणि त्यांचे सहकारी यांनी संगणकावर बेतून अशी प्रथिनं घडवली, जी नागाच्या विषातल्या ‘तीन बोटांच्या’ आकाराच्या विषद्रव्यांना पकडतात. त्यात घोडा नाही, माणूस नाही, कुणाचंच रक्त नाही. वाचून मी खरंच खुर्चीतून उठले होते. पण तीही द्रव्यं नागाच्या कुळाची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या सहभागाने २०२४ मध्ये एक मानवी प्रतिपिंड सापडलं, तेही त्याच द्रव्यांच्या एका गटावर. नागकुळाची विषद्रव्यं लहान आणि एकमेकांसारखी असतात, पकडायला सोपी. घोणस-फुरशाच्या विषात मोठमोठी विकरं, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. संशोधक जिथून सुरुवात करता येते तिथून करणार, ते बरोबरच आहे. तरी सड्यावरच्या माणसाला वाटतं, आमचा नंबर कधी.

“सगळ्यांवर एकच” हे स्वप्नही जुनंच. काल्मेतलासुद्धा वाटत होतं की आपलं औषध सगळ्या सापांवर चालेल. ब्राझीलच्या व्हितल ब्राझिल यांनी लवकरच दाखवलं की चालत नाही, जसा साप तशी लस. आपल्याकडे तर त्याच्याही पुढची अडचण आहे. भारतातल्या लसीसाठी लागणारं बहुतेक विष तमिळनाडूतले इरुला लोक काढतात, १९७८ पासून त्यांची सहकारी संस्था आहे. त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या हातातलं कसब थोर आहे, पण साप सगळीकडे सारखा नसतो. सुनगर यांच्या गटाने २०२५ मध्ये देशभरातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणसांचं विष तपासलं, तर कोरड्या प्रदेशातल्या घोणशीच्या विषात प्रथिनं तोडणारी विकरं जास्त जोरकस निघाली. एकाच जातीची, पण बोली वेगळी. तिकडच्या विषावर बेतलेल्या लसीला इकडची बोली कितपत कळावी?

हे सगळं वाचताना मला हवा तो निबंध मात्र एका कोपऱ्यात सापडला. तो २०२० चा, लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेतला. त्यात साप होता आफ्रिकेतलं फुरसं, आमच्या फुरशाचं चुलत भावंड. आणि औषध युनिथिओल. हे पन्नासच्या दशकात सोव्हिएत संघात पारा आणि आर्सेनिकची विषबाधा उतरवायला केलेलं. धातूला चिकटून त्याला शरीराबाहेर नेणं एवढंच त्याचं काम. आणि फुरशाच्या विषातली ती रक्त गोठवणारी विकरं चालतात कशावर, तर जस्ताच्या एकेका अणूवर. जस्त काढून घ्या, विकर थंड. कुलपाशी झटापट न करता किल्लीच खिशात घातली. उंदरांना आधी तोंडावाटे हे औषध आणि मागाहून लस दिली तेव्हा संरक्षण टिकलं. मग केनियातल्या किलिफीमध्ये ६४ निरोगी माणसांना ते देऊन बघितलं, झेपतं का एवढ्यापुरतंच. झेपलं. चावलेल्या माणसावर उपयोग सिद्ध व्हायचा आहे, आणि आमच्या बाजूच्या फुरशावर तर आणखी पुढे.

तो निबंध वाचला त्या रात्री मी स्वयंपाकघरात उभी राहून दोन तासांचा हिशेब मांडत होते. मिरची, चहा, रिक्षा, जेवायला गेलेले डॉक्टर. प्रत्येक मिनिटाला फायब्रिनोजेन संपत होता.

व्हारेस्प्लाडिबची गोष्टही अशीच. ते हृदयविकारासाठी बनवलं होतं. मोठ्या चाचणीत ते फायद्याऐवजी अपायाकडे झुकलं आणि बाजूला पडलं. मग कॅलिफोर्नियात मॅथ्यू ल्युइन यांना ते सर्पविषातल्या एका मुख्य विकरावर चालतं असं दिसलं. गोळीच्या रूपात भारत आणि अमेरिकेत रुग्णांवर चाचणी झाली. ठरवलेल्या मुख्य कसोटीवर फरक दिसला नाही. पाच तासांच्या आत गोळी मिळालेल्यांत मात्र फायद्याच्या खुणा होत्या. रुग्ण शंभराच्या आत, त्यामुळे मी लगेच पेढे वाटणार नाही. पण ‘पाच तासांच्या आत’ हे शब्द मी पेन्सिलीने अधोरेखित केले. शरीरात गोळी उशिरा गेली तर गोळीचा काय दोष?

आणि इथे महाडची आठवण येणारच. लाल विंचू चावला की कोकणात धडधाकट माणसं जायची. घामाने चिंब, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस. डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात रायगडातल्या महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी पाहिलं की विंचवाच्या विषाने शरीराचीच संप्रेरकं उसळतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. त्या सैल करणारी प्राझोसिन नावाची गोळी बाजारात होती, रक्तदाबाची, स्वस्त. त्यांनी ती दिली. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याविषयी छापून आलं. मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्यावर उतरलं. पुढे विंचवाची लस आली तेव्हा त्यांनीच महाडला तुलना करून २०११ मध्ये ‘बीएमजे’मध्ये लिहिलं की नुसत्या गोळीपेक्षा गोळी आणि लस दोन्ही मिळालेले रुग्ण लवकर सावरतात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणून बेकरांच्या प्रथिनांपुढे मान लवते, पण माझा जीव अडकलाय तो दुसऱ्याच कामासाठी बनलेल्या, टाकून दिलेल्या, कुठल्याशा डब्यात राहू शकणाऱ्या गोळ्यांमध्ये. लसीला सलाइन लागतं, प्रतिक्रिया आली तर अॅड्रेनॅलिन हाताशी लागतं, ते सांभाळणारा डॉक्टर लागतो. म्हणजे दवाखाना लागतो, आणि दवाखाना गडग्यापासून लांब असतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० मध्ये आला, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, निम्मी पावसाळ्यातली. मृत्यू जास्त असलेल्या आठ राज्यांत महाराष्ट्राचं नाव नाही. काकूच्या बोटाला हे कळवून काही उपयोग नाही.

मागच्या रविवारी मी तिला फोन केला. आता ती अठ्ठ्याहत्तरची आहे, कानाला थोडं कमी येतं, त्यामुळे मी युनिथिओल ओरडून सांगत होते आणि माझा मुलगा हसत होता.

“म्हणजे मिरचीच्या जागी गोळी खायची?” तिने विचारलं.

“तसंच समज.”

“आणि मग घरीच राहायचं?”

“नाही गो. खाऊन लगेच दवाखान्यात निघायचं. गोळी फक्त रस्त्यापुरती.”

“रस्त्यापुरती,” ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कटला.

“बाय, पण ठेवायची कुणाकडे? आशा सेविका दोन वाड्या पलीकडे राहते. दुकानात ठेवाल तर तो तारीख बघत नाही, मागच्या गणपतीला मला मुदत संपलेला गूळपापडीचा पुडा दिलान.”

मी म्हटलं, अजून गोळी आलेलीच नाही, आल्यावर बघू.

“हां. आल्यावर बघू,” ती म्हणाली. “पुढच्या आठवड्यात पातेरा काढायचाय. पोरं म्हणतायत आम्ही येतो, पण त्यांना गडग्याचं काही कळत नाही. हातमोजे पाठवशील चार जोड? तुझ्या लॅबमधले पातळ नकोत, जाड पाठव.”